मास्तरांना मार्क कोण देणार?

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला चुलत बहिणीचा फोन आला. ती नागपूरला बायोमेडिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर आमचं भंडारा जिल्ह्यात, पवनीजवळ. फोन उचलल्या उचलल्या म्हणाली, "दादा, फीडबॅक फॉर्म आलाय. का भरू?"

फॉर्म भरायला सल्ला कशाला लागतो, हे मला आधी कळेना. मग तिने सगळं सांगितलं. ईसीजीच्या सिग्नलमधला गोंगाट कसा काढायचा, हे शिकवणारे एक सर आहेत. फळ्यावर हृदयाचा एकच ठोका काढतात आणि त्यावर पाऊण तास बोलतात. छान शिकवतात. पण पेपर तपासताना हात फार आखडता. सेशनलमध्ये अर्ध्या वर्गाला वीसपैकी दहाच्या आत दिलेत. त्यामुळे वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलंय, सरांना सगळ्या रकान्यांत 'एक' द्यायचा.

मी जरा वेळ गप्प बसलो, कारण असा फॉर्म मीही भरला होता. आमच्या वेळी विद्यापीठाचे ८० आणि कॉलेजचे २० गुण असायचे. त्या २० वर कडक असणारे एक सर आम्हाला होते. कंत्राटी होते. मी चाळीस सेकंदांत त्यांना सगळीकडे एक देऊन मोकळा झालो. 'वर्गावर वेळेवर येतात का?' या प्रश्नालाही एकच. ते रोज आमच्या आधी वर्गात असायचे. पुढच्या सेमिस्टरला ते दिसले नाहीत. आमच्या फॉर्ममुळे गेले की दुसरीकडे चांगली नोकरी लागली, हे मी कधी विचारलं नाही. आज कोड लिहिताना त्यांनी शिकवलेलं जवळपास रोज वापरतो.

म्हणून फोन ठेवल्यावर वाचत बसलो. कोणी कोणाला गुण द्यायचे, हा प्रश्न आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुना आहे.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ सुरू झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला १३२ जण बसले आणि २२ पास झाले. त्या २२ मध्ये महादेव गोविंद रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरही. शिकवणारा एक आणि तपासणारा दुसरा, ही घडी तेव्हाच बसली. यामागे विचार होता. तपासणाऱ्याला मुलाचा चेहरा माहीत नसेल तर तो लाड करणार नाही आणि डूखही धरणार नाही.

आपल्या विदर्भात तर तपासणारा फारच लांब होता. १८८० च्या दशकात नागपूरला हिस्लॉप कॉलेज सुरू झालं तेव्हा ते कलकत्ता विद्यापीठाला जोडलेलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते अलाहाबादकडे गेलं. नागपूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९२३ मध्ये. म्हणजे भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर शिकायला गेलेल्या मुलाचं भवितव्य आधी कलकत्त्याच्या आणि मग अलाहाबादच्या विद्यापीठाच्या हाती असायचं. किती गुण पडले एवढंच कळायचं. का पडले, हे विचारायचं कोणाला?

पण चेहरा माहीत असलेला मास्तर तरी न्यायी असतो का? रानड्यांचीच गोष्ट घ्या. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची ब्रिटिश अमलाशी तुलना केली, आणि ती ब्रिटिशांना मानवणारी नव्हती. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट चिडले. जे सरकार शिकवतं त्यालाच नावं ठेवता, असा त्यांचा सूर होता. रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली. निबंध कसा लिहिला आहे यापेक्षा त्यात काय म्हटलं आहे, याचे गुण कापले गेले. हेच ग्रँट अभ्यासू शिक्षक होते, ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथासाठी विलायतेत त्यांचं नाव होतं. रानडे त्यांच्याबद्दल पुढेही आदरानेच बोलत. चांगलं शिकवणं आणि चुकीचे गुण देणं एकाच माणसात राहू शकतं. आपला फॉर्म मात्र माणसाची बेरीज करून एकच सरासरी काढतो.

दुसरी गोष्ट डॉ. आंबेडकरांची. १९०७ च्या मॅट्रिकला त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. नुसत्या आकड्याकडे पाहून आज एखादी कंपनी त्यांचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाद करेल. त्यांच्या वस्तीने मात्र सत्काराची सभा भरवली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्यांना आपलं बुद्धचरित्र भेट दिलं. ते २८२ गुण कुठून कुठवर आले होते, हे त्या माणसांना माहीत होतं.

पुढे कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून १९१८ च्या नोव्हेंबरात आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. सुरुवातीला मुलांनी त्यांना मोजलंच नाही. हा अस्पृश्य माणूस आपल्याला काय शिकवणार, असा भाव होता. सर बोलायला उभे राहण्याआधीच वर्गाचा फीडबॅक तयार होता. काही सहकाऱ्यांनी तर प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातलं पाणी त्यांनी पिण्यावर हरकत घेतली. मग हळूहळू मुलांना त्यांची तयारी दिसली. इतर कॉलेजांतली मुलं परवानगी काढून त्यांच्या तासाला बसू लागली. मत बदललं, कारण मुलं ऐकत राहिली. पहिल्याच महिन्यात त्या वर्गाला पाच रकान्यांचा फॉर्म दिला असता तर निकाल काय लागला असता, याचा विचार करा.

१९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणा समितीला आंबेडकरांनी लेखी साक्ष दिली. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती भरणं हे विद्यापीठाचं काम नाही, त्याची स्वतःची विचारशक्ती जागी करणं हे काम आहे, असा त्यांचा आग्रह होता. हेच आंबेडकर १९५४ साली आपल्या भंडाऱ्यात लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि हरले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले. बहुमत मोजलं गेलं, आणि लोकशाहीत ते मोजलंच पाहिजे. पण बहुमताने माणसाची पात्रता मोजली जात नाही, हे भंडाऱ्याच्या पोराला वेगळं सांगायला नको.

विद्यार्थ्याला आपला पेपर बघायला मिळायला मात्र फार वेळ लागला. महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाच्या नियमात उत्तरपत्रिका दाखवणं आणि पुन्हा तपासणं, दोन्ही बंद होतं. मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. दार उघडलं २०११ मध्ये. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याखाली 'माहिती' आहे आणि ज्याची त्याला ती पाहता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. १८५९ पासून मोजलं तर १५२ वर्षं झाली.

मास्तरांना गुण देण्याची पद्धत अमेरिकेतून आली. तिथल्या पर्ड्यू विद्यापीठात १९२० च्या दशकातच हर्मन रेमर्स यांनी शिक्षकांसाठी मोजपट्टी बनवली होती. आपल्याकडे एआयसीटीईच्या २०१९ च्या नियमांत शिक्षकाच्या १०० गुणांच्या मूल्यमापनात २५ गुण विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचे आहेत. आपल्याला सेशनलचे २० आणि त्यांना आपले २५. हिशेब बरोबरीचा वाटतो. पण आपण आपला पेपर मागून बघू शकतो. आपल्याला एक का दिला, हे त्यांना कोणाला विचारता येत नाही.

आणि आपण तपासनीस म्हणून कसे आहोत? २०१० साली अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे कोणाला कोणता शिक्षक मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, त्यामुळे तुलना चोख होते. कॅल्क्युलसमध्ये ज्या शिक्षकांची मुलं त्या सत्रात जास्त गुण मिळवत, त्यांना मुलांकडूनही चांगले शेरे मिळत. पण त्यांचीच मुलं पुढच्या गणिताच्या विषयांत मागे पडत होती. २०१५ च्या दुसऱ्या एका छोट्या प्रयोगात ऑनलाइन वर्गातल्या शिक्षकांची नावंच अदलाबदल केली. बाईचं नाव दिसलं की गुण घसरले. गृहपाठ दोघांनीही एकाच वेळी तपासून परत दिला होता, तरी 'वेळेवर देतात' या रकान्यातही ते घसरले. ते वाचताना मला माझे चाळीस सेकंद आठवले.

याचा अर्थ फॉर्म फाडून टाकावा असा नाही. ग्रँटसाहेबांच्या वर्गात फॉर्म असता तर निदान कुठेतरी नोंद राहिली असती. वर्गावर न येणारा, मुलींना टाकून बोलणारा, जुन्या वहीतून तीच टिपणं वाचणारा मास्तर आजही आहे, आणि मुलांकडे त्याच्याविरुद्ध दुसरं हत्यार नाही. म्हणून तर ते जपून वापरायचं. आमच्या कामात कोणी माझ्या कोडवर नुसतं 'वाईट आहे' असा शेरा मारला तर मी विचारतो, कोणत्या ओळीत? इतकं विचारायचा हक्क त्या सरांनाही असायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीला फोन केला. म्हटलं, प्रत्येक प्रश्न वेगळा वाच. शिकवण्याला जे वाटतं ते दे, तपासण्याला जे वाटतं ते दे. आणि खाली मोकळा रकाना असेल तर त्यात लिही, की सर, गुण कशाचे कापले ते उत्तरपत्रिकेवर लिहून द्या.

"नाव दिसत नाही ना त्यात?" तिने विचारलं.

"नाही म्हणतात."

"म्हणतात," ती म्हणाली, आणि हसली. अजून एक सेशनल बाकी आहे, वीस गुण त्यांच्या हातात आहेत, आणि ग्रुपवर सगळे विचारतायत की तू किती दिले.

तिने काय भरलं ते मी विचारलं नाही. एवढंच म्हणाली की फॉर्म भरायला बारा मिनिटं लागली.