मूर्खलक्षणें आणि आजच्या स्वभाव-प्रश्नावल्या

आपण कोण, आपला स्वभाव कसा, आणि आपल्यासारखीं माणसें कोठें भेटतील, हे प्रश्न हल्लींचीं तरुण मंडळी मोबाइलच्या पडद्यावर सोडवितांना आढळतात. कांहीं प्रश्नांस उत्तरें दिलीं कीं चार अक्षरांचें एक नांव पदरीं पडतें. आणि तेंच नांव धारण करणारांचा एक मेळाही तयार असतो. घरांतील वडील माणसें यास नवें खूळ म्हणतात. परंतु लक्षणांच्या यादींत स्वतःस शोधण्याची रीत मराठींत सात शतकांची जुनी आहे.

ज्ञानेश्वरांनीं १२९० सालच्या आपल्या ग्रंथांत दैवी व आसुरी संपत्तीचीं लक्षणें विस्तारानें सांगितलीं आहेत. परंतु या रीतीचा अत्यंत परखड उपयोग केला तो समर्थ रामदासांनीं. आणि त्यांच्यावर आम्हां नाशिककरांचा थोडा हक्क पोहोंचतो. येथील टाकळीस, नंदिनीच्या कांठीं, १६२० पासून १६३२ पर्यंत बारा वर्षें त्यांनीं तप केलें, असें परंपरा सांगते. दासबोध पुढें कित्येक वर्षांनीं सिद्ध झाला. तथापि त्यांतील मनुष्यस्वभावाचें निरीक्षण गोदावरीच्या घाटावरील यात्रेकरूंना पाहूनच सुरू झालें असावें, असें आम्हांस वाटतें.

दासबोधाचे दशक २० व समास २००. दुसऱ्या दशकाचा आरंभ मूर्खलक्षणांनीं होतो आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनीं. आपलीच स्तुति करणारा मूर्ख, वडिलांची थोरवी सांगत फिरणारा मूर्ख, अशी ती यादी वाचूं लागलें म्हणजे प्रथम शेजारी आठवतो, मग एखादा आप्त. आणि थोड्या ओव्या झाल्या कीं वाचक मुकाट्यानें स्वतःकडे वळतो. पढतमूर्खाचा समास तर आम्हां प्राध्यापकवर्गास विशेष अडचणीचा! बहुश्रुत असून व ब्रह्मज्ञान स्पष्ट सांगत असूनही दुराशा आणि अभिमान न सोडणारा, हाच त्यांतील पहिला मूर्ख होय. मूर्खलक्षणांच्या अखेरीस समर्थ श्रोत्यांची क्षमा मागतात, आणि हीं लक्षणें त्यागासाठीं सांगितलीं असा खुलासा करितात. पांचव्या दशकांतील बद्ध, मुमुक्षु, साधक व सिद्ध ह्याही माणसांच्या जाती नव्हेत, पायऱ्या आहेत. आजचा बद्ध उद्यां मुमुक्षु होऊं शकतो.

आजच्या प्रश्नावल्यांची वंशावळ निराळी. स्विस मानसशास्त्रज्ञ युंग यांनीं १९२१ सालीं अंतर्मुख, बहिर्मुख इत्यादि स्वभावभेदांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या आधारें अमेरिकेंतील कॅथरिन ब्रिग्ज व त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनीं माणसांचे सोळा प्रकार पाडले. या सोळांत निंद्य असा एकही नाहीं, सगळेच गुणी! असें फळ कोणास नकोसें होईल? १९४८ सालीं बर्ट्रम फोरर या अमेरिकन प्राध्यापकांनीं आपल्या ३९ विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि प्रत्येकास त्याचें म्हणून एक स्वभाववर्णन दिलें. विद्यार्थ्यांनीं त्याच्या यथार्थतेस पांचांपैकीं सरासरी ४.२६ गुण दिले. मागाहून उघड झालें कीं सर्वांच्या हातीं एकच मजकूर होता, आणि तो बहुतांशीं फलज्योतिषाच्या पुस्तकांतून उचललेला होता.

करमणूक म्हणून हें चालावें. एखाद्या एकलकोंड्या मुलास आपल्यासारखीं आणखीही माणसें जगांत आहेत एवढें जरी त्यांतून समजलें, तरी तो लाभ आम्ही लहान मानीत नाहीं. परंतु जोडीदार शोधण्याच्या अ‍ॅपांवर तरुण मंडळी हीं चार अक्षरें आपल्या नांवापुढें लावूं लागलीं आहेत, तेव्हां गोष्ट करमणुकीपुरती राहत नाहीं. छत्तीस गुणांची पत्रिका ज्यांनीं हंसून बाजूस सारली, त्यांनींच ही नवी पत्रिका उराशीं धरावी! 'माझा प्रकारच असा' म्हणून उद्धटपणाची किंवा आळसाची सबब सांगतांनाही आम्ही विद्यार्थ्यांस ऐकिलें आहे. समर्थांपुढें ही सबब कशी टिकती? तेथें श्रोत्यांची निवड अक्षरांवरून होत नव्हती. मूर्ख आणि पढतमूर्ख यांनीं एकत्र बसूनच तो समास ऐकावयाचा होता, आणि पढतमूर्खांचा स्वतंत्र मेळा भरल्याचें निदान आमच्या वाचनांत नाहीं.