मालगुजारी तलाव (भंडारा जिल्हा)

वैनगंगेच्या खोऱ्यात धानशेतीच्या रक्षणार्थ बांधलेले गावतलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत त्यांची संख्या काही हजारांच्या घरात असून बहुतेक मोठी कामे कोहळी समाजाच्या हातची आहेत. चांद्याच्या (चंद्रपूरच्या) गोंड राजाने या लोकांना काशीकडून आणविले, ही परंपरा जातिजमातींचे अभ्यासक आर. व्ही. रसेल यांनी नोंदविली आहे.

कोहळ्यांचे खरे कौशल्य जागा हेरण्यात होते. दोन टेकड्यांची टोके जेथे जवळ येतात, तेथे मातीची पाळ घालून अल्प श्रमात विस्तीर्ण पाणी अडवावे, ही त्यांची रीत. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच असलेल्या नवेगावबांध येथे ‘सात बहिणी’ नावाच्या टेकड्यांमधील खिंडी अशाच बुजविल्या आहेत, आणि त्या कामाचा कर्ता कोलू पाटील कोहळी कोलासूर देव म्हणून पूज्य झाला आहे; स्थापत्यकाराला देवत्व देणारी ही कृतज्ञता विरळाच.

पाळीच्या पोटातील निर्गममार्गास ‘तुडूम’ व जादा पाण्याच्या वाटेस ‘सलंग’ म्हणतात. लांब कालव्यांची येथे गरजच नव्हती: आखूड पाटाने आलेले पाणी उतारावर रचलेल्या बांध्यांमधून (धानाच्या खाचरांमधून), एका धुऱ्यावरून दुसऱ्या बांधीत, आपल्याच ओढीने उतरत जाई. हस्ताचा पाऊस चुकला आणि लोंबीवर आलेले धान सुकू लागले, की तुडूम उघडावयाचे. त्या एक-दोन पाण्यांवर गावाचे वर्षाचे अन्न अवलंबून असे. पुढे तलाव आटला, की उघड्या पडलेल्या ओलीवर गाळपेर होई.

इंग्रजी जमीन-बंदोबस्तात मालगुजार, म्हणजे गावचा सारा भरणारे जमीनमालक, तलावांचे मालक ठरले, तरी रयतेचे निस्तार हक्क (नित्य गरजांसाठीचे वापरहक्क) ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात नमूद होत. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपुष्टात येऊन तलाव सरकारजमा झाले. मात्र पाळ बांधून देणे, गाळ काढणे, पाण्याची पाळी ठरविणे ही जी कामे गाव आपली समजून करीत असे, ती मालकीबरोबर सरकारी खात्याकडे जाऊन पुष्कळ ठिकाणी कोणाचीच उरली नाहीत. ही हानी मातीच्या पाळीला पडलेल्या भगदाडाहून मोठी आहे. अलीकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर समाजातील मच्छीमार यांनी काही तलावांतील बेशरम ही उपद्रवी वनस्पती उपटून स्थानिक जलवनस्पतींची पुन्हा लागवड केली आहे.