एकटं राहिलं की कुत्रा का रडतो? ‘सेपरेशन अँग्झायटी’ म्हणजे काय आणि त्यावर उपाय काय?

सकाळी घरातले सगळे कामाला निघतात. दाराला कुलूप लागतं, लिफ्ट खाली जाते आणि थोड्याच वेळात बंद घरातून कुत्र्याचं रडणं सुरू होतं. संध्याकाळी मालक परततो तेव्हा दाराची चौकट ओरबाडलेली असते, सोफ्याचा कापूस बाहेर आलेला असतो, हॉलमध्ये लघवी झालेली असते आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शेजाऱ्यांची तक्रार येऊन पडलेली असते.

बहुतेक घरांत याचा अर्थ एकच लावला जातो, तो म्हणजे ‘एकटं ठेवलं म्हणून त्याने राग काढला’. मग ओरडा बसतो, कधी मारही. प्रत्यक्षात तो राग नसतो, ती भीती असते. पशुवैद्यकशास्त्रात तिला ‘सेपरेशन अँग्झायटी’ म्हणतात. मराठीत तिला ताटातुटीची भीती म्हणता येईल.

नेमकं काय होतं?

कुत्रा हा कळपात राहणारा प्राणी आहे आणि पाळीव कुत्र्यासाठी घरातली माणसं हाच त्याचा कळप असतो. बहुतेक कुत्री हळूहळू एकटं राहायला शिकतात आणि तो वेळ झोपून काढतात. काहींना मात्र ते जमत नाही. माणूस दिसेनासा झाला की त्यांचं शरीर संकट आल्यासारखं वागू लागतं. धाप लागते, लाळ गळते, येरझाऱ्या सुरू होतात. दार आणि खिडकी ओरबाडण्यामागे ‘बाहेर पडायचं’ एवढाच हेतू असतो. या धडपडीत अनेक कुत्र्यांची नखं तुटतात, दात दुखावतात.

मग तो अपराधी चेहरा कशाचा?

‘चूक केल्याचं त्याला कळतं, बघा कसा मान खाली घालून बसलाय’, असं हमखास ऐकू येतं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी हीच समजूत तपासली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १४ कुत्री होती. खाऊला तोंड लावायचं नाही असं बजावून मालक खोलीबाहेर जात. परतल्यावर त्यांना कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही ते सांगितलं जाई, पण ही माहिती काही वेळा मुद्दाम खोटी असे. तो अपराधी चेहरा कुत्र्याने चूक केली की नाही यावर अवलंबून नव्हता, तर मालक रागावतो की नाही यावर अवलंबून होता. काही न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये तो सर्वात ठळक दिसला.

म्हणजे मान खाली घालणारा कुत्रा सकाळच्या पराक्रमाची कबुली देत नसतो, तर समोरच्या रागाला घाबरलेला असतो. त्याला शिक्षा केली की एकटेपणाच्या भीतीत मालकाच्या परतण्याच्या भीतीची भर पडते.

हा त्रास कोणत्या कुत्र्यांना होतो?

घर बदलणं, मालक बदलणं, घरातल्या माणसाचा मृत्यू, मुलं शिक्षणासाठी बाहेरगावी जाणं, वर्क फ्रॉम होम संपून ऑफिस सुरू होणं, अशा बदलांनंतर हा त्रास अनेकदा दिसतो. लॉकडाऊनमध्ये घरी आलेल्या कित्येक पिल्लांना घर रिकामं कसं असतं हेच ठाऊक नव्हतं.

‘फार लाडावून ठेवलं म्हणून असं झालं’ हा टोमणा मात्र फारसा खरा नाही. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुत्र्याचे लाड करणं आणि ही भीती यांचा संबंध आढळला नाही.

आधी खात्री कशी करायची?

रडणारा प्रत्येक कुत्रा याच भीतीने रडतो असं नाही. पिल्लाला लघवी फार वेळ धरता येत नाही. मोठ्या कुत्र्याला मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा सांधेदुखी असू शकते. पुरेसा व्यायाम न मिळालेला कुत्रा कंटाळूनही चपला कुरतडतो. काही कुत्री फक्त फटाक्यांना किंवा ढगांच्या गडगडाटाला घाबरतात. म्हणून पहिली भेट पशुवैद्यांची.

दुसरं काम म्हणजे व्हिडिओ. जुना मोबाइल दाराकडे तोंड करून रेकॉर्डिंगला लावावा आणि थोड्या वेळासाठी बाहेर पडावं. कंटाळलेला कुत्रा सहसा आधी झोपतो आणि नंतर उद्योग शोधतो. घाबरलेला कुत्रा दार बंद होताच किंवा पहिल्या अर्ध्या तासातच अस्वस्थ होतो. समोर आवडता खाऊ असूनही तो न खाणं ही महत्त्वाची खूण आहे.

एकटं राहायची सवय कशी लावायची?

‘रडू दे, आपोआप सवय होईल’ हा उपाय इथे बहुधा उलटतो. रोज घाबरल्याने भीती मुरत जाते. सराव त्याच्या उलट दिशेने करायचा असतो. कुत्रा घाबरण्याआधीच परत यायचं.

१. निघण्याच्या खुणा बोथट करणं : किल्ल्यांचा आवाज, पायात बूट, खांद्याला बॅग, एवढ्यावरूनच कुत्रा ओळखतो. दिवसातून काही वेळा किल्ल्या उचलाव्यात आणि टीव्हीसमोर जाऊन बसावं. बूट घालून चहा करावा. या खुणांनंतर दरवेळी कुणी जातंच असं नाही, हे त्याला कळू लागतं.

२. सेकंदांपासून सुरुवात : दाराबाहेर पाऊल टाकायचं आणि लगेच आत यायचं. कुत्रा शांत राहिला तर पाच सेकंद, मग दहा, मग अर्धा मिनिट. व्हिडिओत तो कुठल्या क्षणी अस्वस्थ होतो ते पाहून त्याच्या अलीकडेच थांबायचं.

३. वेळ खालीवर ठेवणं : दरवेळी वेळ वाढतच गेली तर सराव अवघड होत जातो. दोन मिनिटांनंतर पुन्हा तीस सेकंद, मग तीन मिनिटं असं करावं. दिवसातून एकच सत्र, तेही छोटं. अर्धा-पाऊण तास शांतपणे निघू लागला की पुढचे टप्पे सहसा मोठे घेता येतात.

४. सरावाच्या काळात एकटं न ठेवणं : सकाळी तीन मिनिटांचा सराव आणि नंतर नऊ तास बंद घर, असं केलं तर सराव वाया जातो. हा सगळ्यात कठीण भाग आहे. त्यासाठी आजी-आजोबा, शेजारी, कॉलेजात जाणारा भाचा, पेट सिटर किंवा डॉग डेकेअर, जे जमेल ते जुळवावं लागतं.

५. निघण्यापूर्वी फिरवणं आणि खाऊ : वास घेत केलेला निवांत फेरफटका कुत्र्याला शांत करतो. पोकळ रबरी खेळण्यात दहीभात किंवा उकडलेलं चिकन भरून, गोठवून देता येतं. त्यात कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट नको. हा खाऊ सौम्य त्रासात मदत करतो. तीव्र भीतीत कुत्रा त्याला तोंडही लावत नाही.

काय टाळावं?

भुंकल्यावर शॉक देणारा पट्टा आवाज बंद करू शकतो, भीती नाही. पिंजऱ्यात कोंडलेला घाबरलेला कुत्रा गज चावून स्वतःला जखमी करून घेऊ शकतो. सोबतीला दुसरा कुत्रा आणणंही अनेकदा कामी येत नाही, कारण पहिल्याला हवं असतं ते माणूस.

औषधांची गरज असते का?

तीव्र त्रासात असते. फ्लुऑक्सेटीन आणि क्लोमिप्रामीन ही औषधं यासाठी वापरली जातात. फ्लुऑक्सेटीनला अमेरिकेत २००७ मध्ये कुत्र्यांमधल्या याच त्रासासाठी मान्यता मिळाली. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि सराव सोबत सुरू ठेवावा लागतो. माणसाच्या गोळ्या अंदाजाने देणं धोकादायक आहे. औषध आणि मात्रा पशुवैद्यांनीच ठरवायची.

सोसायटीने तक्रार केली तर?

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. भुंकणं हेही त्यासाठी पुरेसं कारण नाही. मात्र मालकाची जबाबदारीही संपत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार, कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा गुन्हा आहे. कुत्र्याला वाऱ्यावर सोडून देणं हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे.

अनेक कुत्र्यांचं घर या तक्रारींमुळेच सुटतं. ‘गावी सोडून येऊ’ हा निर्णय इथूनच होतो. पण माणूस सुटण्याच्या भीतीवर पुन्हा माणसं बदलणं हा उतारा नाही. नव्या घरात तोच त्रास वाढू शकतो. त्यापेक्षा शेजाऱ्यांना उपचार सुरू असल्याचं सांगावं, आपला नंबर द्यावा आणि कुत्रा नेमका कधी रडतो ते कळवायला सांगावं. तक्रार करणाऱ्याच शेजाऱ्याकडून सरावासाठी लागणारी माहिती मिळते.

किती दिवसांत फरक पडतो?

काही आठवडे ते काही महिने, कुत्र्यागणिक वेगळे. मध्येच दिवाळीच्या सुट्टीत सगळे घरी राहिले किंवा घर बदललं तर गाडी मागे येते. अशा वेळी सुट्टीपूर्वी वीस मिनिटं राहणाऱ्या कुत्र्यासोबत पुन्हा दोन मिनिटांपासून सुरुवात करावी. दुसऱ्या खेपेला तो सहसा लवकर पुढे जातो.