सिसिलीचा खरा चेहरा

१९६४ सालच्या झावळ्यांच्या रविवारी पालेर्मोचे आर्चबिशप कार्डिनल एर्नेस्तो रुफिनी यांनी आपल्या धर्मप्रांतातील श्रद्धावंतांसाठी एक पाळकीय पत्र काढले. पत्राचे शीर्षक होते ‘सिसिलीचा खरा चेहरा’. आपल्या बेटाची हेतुपुरस्सर बदनामी चालली आहे, असे कार्डिनलमहोदयांचे म्हणणे होते आणि त्यासाठी त्यांनी तीन गोष्टींकडे बोट दाखविले होते. पहिली, माफियाविषयी चाललेला गवगवा. दुसरी, ‘इल गात्तोपार्दो’ ही जुझेप्पे तोमासी दी लाम्पेदूसा यांची कादंबरी. आणि तिसरी, दानिलो दोल्ची हा माणूस. दोल्ची १९५२ साली उत्तर इटलीतून येऊन सिसिलीतील एका दरिद्री कोळीवाड्यात राहिले होते. त्यांनी उपोषणे केली. १९५६ साली बेकार मजुरांना घेऊन एक नादुरुस्त रस्ता बिनमजुरीने दुरुस्त करावयास घेतला आणि त्याबद्दल कैद भोगली. लोक त्यांना ‘सिसिलीचा गांधी’ म्हणत.

खुनी टोळ्यांची चर्चा, एक साहित्यकृती आणि एक सत्याग्रही अशी तीन नावे एका धर्माधिकाऱ्याच्या पत्रात शेजारी शेजारी यावीत, याचे आज आपल्याला आश्चर्य वाटते. परंतु पत्रामागचा प्रश्न आजही शिळा झालेला नाही. आपल्या भूमीचे व्यंग जगासमोर मांडणे ही तिची बदनामी आहे की तिची सेवा? सिसिलीवरील चित्रपट मला अनेक वर्षे प्रिय आहेत. त्यांतील काहींच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

सिसिली हे भूमध्य समुद्रातील सर्वांत मोठे बेट. महाराष्ट्राच्या साधारण बाराव्या हिश्श्याएवढे. ग्रीक, रोमन, अरब, नॉर्मन, स्पॅनिश अशा अनेक सत्ता त्याने पाहिल्या. १८६० साली गॅरिबाल्डी आपल्या स्वयंसेवकांसह मार्साला बंदरात उतरला आणि हे बेट इटलीत सामील झाले. जमीन मात्र मूठभर सरदारांकडेच राहिली. ते पालेर्मोच्या हवेल्यांत राहत आणि आपली शेते ‘गाबेल्लोती’ नावाच्या मक्तेदारांना खंडाने देत. मक्तेदार हत्यारबंद राखणदार बाळगी, कुळांकडून वसुली करी आणि हळूहळू धन्यालाही धाकात ठेवी. मालक दूर, सरकार त्याहून दूर आणि मध्ये बंदूकधारी दलाल, अशा या व्यवस्थेत माफियाला बळ मिळाले. ही पार्श्वभूमी ध्यानात असली म्हणजे पुढील चित्रपटांचे मर्म कळते.

लुकिनो व्हिस्कोन्ती या दिग्दर्शकाने १९४८ साली ‘ला तेर्रा त्रेमा’, म्हणजे ‘धरणी कापते’, हा चित्रपट केला. जोव्हान्नी व्हेर्गा यांच्या १८८१ सालच्या ‘इ मालाव्होल्या’ या कादंबरीचा त्याला आधार होता. आची त्रेत्सा या एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेल्या कोळी गावात तो चित्रित झाला. त्यात एकही व्यावसायिक नट नाही. गावातील कोळी आणि त्यांच्या बायका आपल्याच बोलीत बोलतात. ती बोली इतर इटालियनांना कळेना, म्हणून निवेदकाचा आवाज जोडावा लागला. कथा साधी आहे. मासळीचा भाव ठोक व्यापारी ठरवितात. एन्तोनी नावाचा तरुण त्याविरुद्ध उठतो, घर गहाण टाकून स्वतःची होडी समुद्रात लोटतो. एका वादळात होडी मोडते, घर जाते आणि शेवटी त्याच व्यापाऱ्यांच्या दारी तो रोजंदारीसाठी उभा राहतो. आपल्या किनाऱ्यावरील कोळी वाचकांना हा हिशेब समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. या चित्रपटात पिस्तूल नाही, माफियाचे नावही नाही. तरीही ज्या अन्यायावर माफिया पोसला जातो, तो येथे उघडा दिसतो.

व्हिस्कोन्तींचा त्या वेळचा एक साहाय्यक फ्रान्चेस्को रोझी याने १९६२ साली ‘साल्व्हातोरे जुलियानो’ हा चित्रपट पडद्यावर आणला. जुलियानो हा मोन्तेलेप्रे गावचा खराखुरा दरोडेखोर. १ मे १९४७ रोजी पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्रा येथे कामगार दिनासाठी जमलेल्या शेतकरी कुटुंबांवर त्याच्या टोळीने गोळीबार केला. त्यात अकरा जण मृत्युमुखी पडले. मुलेही त्यांत होती. जुलै १९५० मध्ये कास्तेलव्हेत्रानो येथील एका अंगणात जुलियानोचे प्रेत सापडले. पोलिसांशी झालेल्या चकमकीत तो मेला, असे जाहीर झाले. पण त्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. त्याचा उजवा हात असलेला पिशोत्ता १९५४ साली तुरुंगात विषप्रयोगाने मेला. रोझीने हा चित्रपट त्याच गावांत, तेथील माणसांना घेऊन चित्रित केला. त्याची सुरुवातच अंगणातील प्रेताने होते. लोकगीतांत वीरपुरुष ठरू पाहणाऱ्या या माणसाचा चेहरा दिग्दर्शक आपल्याला जवळजवळ दाखवीतच नाही. चेहरे दिसतात ते मोन्तेलेप्रेच्या गल्ल्यांतून आक्रोश करीत धावणाऱ्या स्त्रियांचे, माळावर पडलेल्या शेतकऱ्यांचे, प्रेताजवळ कोसळलेल्या आईचे. गोळीबारामागे कोणाचा हात होता, हा प्रश्न चित्रपट प्रेक्षकांपुढे तसाच उभा ठेवतो. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये इटलीच्या संसदेने माफियाच्या चौकशीसाठी आयोग नेमण्याचा कायदा केला.

पुढचे वर्ष १९६३. त्या वर्षी व्हिस्कोन्ती पुन्हा सिसिलीत आलेले दिसतात. या वेळी कोळ्याच्या झोपडीत नव्हे, तर सरदाराच्या वाड्यात. ‘इल गात्तोपार्दो’ या कादंबरीवरील त्यांच्या चित्रपटाला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक लाभले. लाम्पेदूसा स्वतः सिसिलीतील सरदार घराण्यातले. त्यांचे १९५७ साली निधन झाले आणि पुस्तक त्यानंतर, १९५८ साली प्रसिद्ध झाले. गॅरिबाल्डीच्या स्वारीनंतर जुना सरदार मावळतो आणि त्याचीच जमीन गिळून गबर झालेला नवा धनिक वर येतो. गरिबाच्या वाट्याला दोहोंकडून काही येत नाही, ही त्याची कथा. पालेर्मोच्या गान्जी राजवाड्यात चित्रित झालेला पाऊण तासाचा नृत्यप्रसंग रसिक विसरत नाहीत. मला मात्र त्या वाड्यातील फादर पिर्रोने अधिक आठवतात. हे येशूसंघीय धर्मगुरू सरदाराच्या घरचे पुरोहित. धनी रात्री आपल्या प्रेयसीकडे जावयास निघतो, तेव्हा तेही त्याच बग्गीतून शहरापर्यंत जातात. ते बोलतात, कुरकुरतात, पापनिवेदनाची आठवण देतात. परंतु बग्गीतून उतरत नाहीत. सत्तेच्या शेजारी बसण्याची सवय धर्मगुरूला कशी लागते, याचे एवढे सौम्य आणि एवढे झोंबणारे चित्र मी अन्यत्र पाहिलेले नाही.

त्याच १९६३ सालच्या ३० जूनला पालेर्मोजवळ चाकुल्ली येथे माफियाने पेरलेल्या स्फोटकांनी भरलेल्या मोटारीचा स्फोट झाला आणि पोलीस व सैन्यातील सात जण ठार झाले. शहरातील वाल्देन्सी या अल्पसंख्य प्रॉटेस्टंट पंथाचे पास्टर पानाशा यांनी ‘खून करू नकोस’ या आज्ञेचे स्मरण देणारी पत्रके भिंतींवर लावली. व्हॅटिकनमधून रुफिनी यांना पत्राने विचारण्यात आले की, आपल्यालाही असे काही करता येणार नाही काय? रुफिनी यांच्या उत्तरात नाराजी होती. माफिया ही इतर ठिकाणच्या गुन्हेगारीसारखीच गुन्हेगारी आहे. तिचा संबंध धर्माशी जोडणे हा ख्रिस्तसभेच्या विरोधकांचा कावा आहे, असे त्यांचे मत होते. लेखाच्या प्रारंभी उल्लेखिलेले पाळकीय पत्र त्यानंतरच्या वर्षीचे आहे.

रुफिनी यांच्यावर अन्याय होता कामा नये. त्यांनी पालेर्मोच्या बेघरांसाठी वस्ती उभारली. साम्यवादाची त्यांना मनापासून भीती वाटत होती आणि तो काळही तसाच होता. शिवाय त्यांची तक्रार सर्वस्वी निराधार नव्हती. सिसिली म्हणजे सुरे आणि बंदुका, असे चित्र विकणारे लोक होतेच. पिएत्रो जेर्मी यांच्या १९४९ सालच्या ‘इन नोमे देल्ला लेज्जे’ या चित्रपटात माफियाचा म्होरक्या घोड्यावरून येणारा, शब्दाला जागणारा मानी पुरुष म्हणून रंगविलेला आहे. पुढे १९७२ साली ‘द गॉडफादर’ आला. त्यातील सिसिली साव्होका आणि फोर्त्सा द’आग्रो या डोंगरी गावांत चित्रित झाली. ऊन, द्राक्षवेली, लग्नाची वरात, आणि त्या सौंदर्यावर रक्ताचा एक शिंतोडा. चित्रपट कलादृष्ट्या थोर आहे, हे मान्य. परंतु जगभरच्या तरुणांनी त्यातून मारेकऱ्याचा रुबाब तेवढा उचलला. ज्यांच्या घरी माणसे मेली, त्यांना त्या कथेत जागा नाही.

तेव्हा फरक करावा लागतो तो येथे. एक चित्रपट जखमेचा दागिना करतो आणि दुसरा जखमी माणसाजवळ बसतो. कार्डिनलमहोदयांनी या दोहोंना एकाच मापाने मोजले. घाव दाखविणारा आणि घाव घालणारा यांच्यातील भेद त्या पत्रात पुसला गेला, आणि लाभ झाला तो घाव घालणाऱ्याचा.

चित्रपटांकडे पाहण्याची आपली त्या काळची रीत जुझेप्पे तोर्नातोरे यांच्या ‘नुओव्हो चिनेमा पारादिसो’ या १९८८ सालच्या चित्रपटात मोठ्या प्रेमाने टिपली आहे. तोर्नातोरे पालेर्मोजवळच्या बागेरियाचे. चित्रपटातील गावाचा चौक पालात्सो आद्रियानो येथला. धर्मग्रामाच्या चित्रपटगृहात फादर आदेल्फियो प्रत्येक चित्रपट आधी एकटे पाहतात. चुंबन आले की हातातील घंटी वाजते, आणि यंत्रचालक आल्फ्रेदो तेवढी फीत कापून ठेवतो. सेमिनरीत असताना व्हिडिओ कॅसेटवर हा चित्रपट आम्ही पाहिला तेव्हा सारे पोट धरून हसलो होतो. आज तीच घंटी मला विचार करावयास लावते. चुंबनासाठी ती तत्परतेने वाजत होती. खेड्यापाड्यांत खरोखरीच्या बंदुका वाजत होत्या, तेव्हा ती कोठे होती?

ती वाजली, पण उशिरा. सप्टेंबर १९८२ मध्ये माफियाविरुद्ध पाठविलेले जनरल दाल्ला किएझा यांची पालेर्मोत हत्या झाली. त्यांच्या अंत्यविधीच्या प्रवचनात कार्डिनल पाप्पालार्दो यांनी सत्ताधाऱ्यांना त्यांच्या तोंडावर सुनावले. १९९२ साली न्यायाधीश फाल्कोने आणि बोर्सेल्लिनो दोन महिन्यांच्या अंतराने स्फोटांत मारले गेले. ९ मे १९९३ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आग्रिजेन्तो येथील प्राचीन मंदिरांच्या सान्निध्यात आले असता त्यांनी लिहून आणलेला कागद बाजूला ठेवला आणि मारेकऱ्यांना परिवर्तनाची हाक दिली. एके दिवशी देवाचा न्याय येईल, असे बजावले.

त्याच वर्षी १५ सप्टेंबरच्या रात्री पालेर्मोच्या ब्रांकाच्चो भागातील प्रमुख धर्मगुरू फादर पिनो पुल्यीसी यांना त्यांच्या घराच्या दारात गोळी घातली गेली. तो त्यांचा छप्पन्नावा वाढदिवस होता. चांभाराचा हा मुलगा त्याच वस्तीत जन्मला होता. त्यांनी मुलांसाठी एक केंद्र काढले, वस्तीत माध्यमिक शाळा यावी म्हणून कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले, आणि मिरवणुकीसाठी माफियाच्या हस्तकांचे पैसे नाकारले. मारेकऱ्यांकडे पाहून ते हसले, असे त्यांच्या मारेकऱ्यानेच पुढे सांगितले. रोबेर्तो फाएन्झा यांनी २००५ साली त्यांच्यावर ‘आल्ला लुचे देल सोले’ हा चित्रपट केला. नावाचा अर्थ ‘लख्ख उन्हात’. लुका झिंगारेत्ती यांनी फादर पिनो उभे केले आहेत. कलाकृती म्हणून तो व्हिस्कोन्ती किंवा रोझी यांच्या उंचीचा नाही. तरीही मला तो त्या साऱ्यांच्या ओळीत शेवटी ठेवावासा वाटतो. कारण फादर पिर्रोने ज्या बग्गीतून उतरले नाहीत, तीतून उतरलेला धर्मगुरू येथे दिसतो. तो रस्त्यावर मुलांच्या घोळक्यात उभा आहे.

ख्रिस्तसभेने २५ मे २०१३ रोजी फादर पुल्यीसी यांना पालेर्मोत धन्यवादित घोषित केले. माफियाने १९९० साली मारलेले तरुण न्यायाधीश रोझारियो लिव्हातीनो यांना तोच सन्मान २०२१ साली आग्रिजेन्तो येथे लाभला; दिवस निवडला गेला तो ९ मे, पोपमहोदयांच्या हाकेचा. आणि आणखी एक गोष्ट. १९९५ साली चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने पंचेचाळीस उत्तम चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तिच्या कला विभागात ‘इल गात्तोपार्दो’ आहे. ज्या कथेत एका कार्डिनलांना सिसिलीची बदनामी दिसली, तिच्यावरील चित्रपटाला एकतीस वर्षांनी त्याच ख्रिस्तसभेने मानाचे पान दिले.

आपला समाज लहान आहे. लहान समाजाला आपल्या नावाची काळजी अधिक असते, आणि ते स्वाभाविक आहे. आपल्यातील एखादा लेखक हुंड्याविषयी, दारूविषयी, जमिनीच्या दलालीविषयी किंवा आम्हा धर्मगुरूंच्या वागण्याविषयी लिहितो, तेव्हा ‘घरचे घरात ठेवा’ असे म्हणणारे पहिले आम्हीच असतो. अशा वेळी सिसिलीचा हा इतिहास आठवावा. लिहिणारा कोणाच्या बाजूला बसून लिहीत आहे, एवढे तपासावे. तो घायाळाच्या शेजारी बसला असेल, तर त्याच्या लिहिण्याने आपले नाव जाणार नाही. सिसिलीचा खरा चेहरा शोधणाऱ्या त्या पत्राला जो चेहरा सापडला नाही, तो आची त्रेत्साच्या कोळ्यांत, मोन्तेलेप्रेच्या आयांत आणि ब्रांकाच्चोच्या त्या हसऱ्या धर्मगुरूत होता.