तशीही ती घरीच असते! काळजीवाहकांच्या भत्त्याचा इतिहास

१/ आजाऱ्याच्या औषधपाण्याचा खर्च शासनाला मोजता येतो; पण त्याची शुश्रूषा करणाऱ्याचे जे आयुष्य खर्ची पडते, त्याची मोजदाद कोणी करायची? ब्रिटनने हा प्रश्न कसा सोडवला आणि सोडवताना कोणाला वगळले, याविषयीचा हा धागा.

२/ मेरी वेब्स्टर ही काँग्रिगेशनल चर्चची धर्मोपदेशिका. वृद्ध आईवडिलांच्या सेवेसाठी १९५४ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी तिने काम सोडले. १९६३ मध्ये तिने वृत्तपत्रांतून अशा अविवाहित लेकींची व्यथा मांडली. समदुःखी स्त्रियांचा मोठा प्रतिसाद आला आणि १९६५ मध्ये त्यांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली.

३/ १९७१ चा ‘अटेंडन्स अलाउन्स’ हा रुग्णासाठी होता. १९७६ मध्ये ‘इनव्हॅलिड केअर अलाउन्स’ सुरू झाला. गंभीर अपंगत्व असलेल्या आप्ताची आठवड्यास किमान ३५ तास काळजी घेणाऱ्याच्या स्वतःच्या हाती आता पैसे पडणार होते. मेरी मात्र १९६९ मध्येच निवर्तली होती.

४/ मेख अटींत होती. विवाहित पुरुष पात्र. विवाहित स्त्री अपात्र. १९७४ च्या शासकीय श्वेतपत्रिकेचा युक्तिवाद असा, की अशा स्त्रिया एरवीही घरीच असण्याचा संभव आहे. भत्ता होता बुडालेल्या मिळकतीबद्दल. जिची मिळकत गृहीतच धरलेली नाही, तिचे बुडणार ते काय?

५/ जॅकी ड्रेक या विवाहितेने १९८४ मध्ये अपंग आईसाठी नोकरी सोडली. म्हणजे तिची मिळकत खरोखरच बुडाली होती. तरीही भत्ता नाकारला गेला. स्त्री-पुरुषांना सामाजिक सुरक्षेत समान वागणूक देण्याच्या १९७९ च्या युरोपीय निर्देशाच्या आधारे प्रकरण युरोपीय न्यायालयात पोहोचले. २४ जून १९८६ रोजी निकाल तिच्या बाजूने लागला. आदल्याच दिवशी सरकारने विवाहित स्त्रियांनाही भत्ता देण्याची घोषणा केली होती!

६/ पुढे विचार मिळकतीपलीकडे गेला. १९९९ च्या राष्ट्रीय धोरणाने काळजीवाहकांना विसावा मिळावा म्हणून स्थानिक संस्थांना तीन वर्षांसाठी १४ कोटी पौंडांचे विशेष अनुदान दिले. इंग्लंडच्या २०१४ च्या ‘केअर अ‍ॅक्ट’ने त्यांच्या स्वतःच्या गरजांची पाहणी करणे स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य ठरवले.

७/ भत्ता सुरू झाल्यापासून विवाहितांना तो मिळेपर्यंत दहा वर्षे गेली. या दहा वर्षांत त्यांच्या शुश्रूषेचे तास काही कमी भरले नव्हते. तिजोरीतून पैसा निघण्याआधी ते काम ‘काम’ म्हणून शासनाच्या नजरेस पडावे लागले. (समाप्त)