यूके फायर्स

यूके फायर्स हा ब्रिटनमधील विद्यापीठांचा संयुक्त संशोधन प्रकल्प होय. उद्योगांतून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन आज उपलब्ध असलेल्या तंत्रज्ञानाच्या आधारे शून्यावर कसे आणता येईल, याचा अभ्यास करण्यासाठी तो २०१९ मध्ये सुरू झाला. केंब्रिज विद्यापीठातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक ज्युलियन ऑलवुड यांनी त्याचे नेतृत्व केले. ऑक्सफर्ड, नॉटिंगहॅम, बाथ व स्ट्रॅथक्लाइड ही विद्यापीठे आणि लंडनचे इम्पिरिअल कॉलेज त्यात सहभागी झाले.

पार्श्वभूमी

जून २०१९ मध्ये ब्रिटनने २०५० पर्यंत ‘निव्वळ शून्य’ उत्सर्जन गाठण्याचे बंधन कायद्याने स्वीकारले. निव्वळ शून्याच्या कल्पनेत काही उत्सर्जन चालू ठेवून तेवढाच वायू वातावरणातून काढून घेण्याची मुभा असते. यूके फायर्सने ही मुभा गृहीत न धरता ‘संपूर्ण शून्य’ हे उद्दिष्ट मानले.

‘अ‍ॅब्सोल्यूट झीरो’ अहवाल

नोव्हेंबर २०१९ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. कार्बन पकडून साठवण्याचे तंत्र आवश्यक त्या प्रमाणावर वेळेत उभे राहणार नाही, अशी त्याची भूमिका आहे. ऊर्जेवर चालणारे सर्व व्यवहार विजेवर आणल्यास लागणाऱ्या विजेपैकी सुमारे ६० टक्केच उत्सर्जनमुक्त वीज २०५० मध्ये मिळेल, असा अंदाज त्यात मांडला आहे. म्हणून उत्सर्जनरहित पर्याय मिळेपर्यंत विमानवाहतूक, पारंपरिक सिमेंटचे उत्पादन आणि गोमांस व मेंढीचे मांस यांचा वापर थांबवावा लागेल, असा निष्कर्ष अहवालाने काढला. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्यावर चर्चा झाली.

विद्युत सिमेंट

सिमेंटनिर्मितीत चुनखडी तापविली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यामुळे केवळ इंधन बदलून हे उत्सर्जन थांबत नाही. यावर केंब्रिजच्या संशोधकांनी एक मार्ग शोधला. भंगार पोलाद विद्युत प्रज्योत भट्टीत वितळविताना अशुद्ध द्रव्ये वेगळी करण्यासाठी चुना घालतात. त्याऐवजी पाडलेल्या इमारतींच्या काँक्रीटमधून वेगळे काढलेले जुने सिमेंट घातले जाते. वितळलेल्या पोलादावर तरंगणारी धातुमळी झपाट्याने थंड करून दळली असता नव्या सिमेंटचा मूळ घटक, म्हणजे क्लिंकर, मिळतो. हे संशोधन २०२४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

मर्यादा

जुने काँक्रीट आणि भंगार पोलाद जितके उपलब्ध, तितकेच असे सिमेंट तयार होऊ शकते. शिवाय भट्टीची वीज उत्सर्जनमुक्त असेल, तरच ही प्रक्रिया कार्बनशून्य ठरण्याची शक्यता असते. त्यामुळे मुळात सिमेंटचा वापर कमी करणे हाही उपायाचा आवश्यक भाग ठरतो.