ल्युसिटेनियन धर्म

ल्युसिटेनियन धर्म : इबेरियन द्वीपकल्पाच्या पश्चिम भागातील ल्युसिटेनियन या प्राचीन लोकांच्या देवता, यज्ञविधी व श्रद्धा. हे लोक मुख्यतः दोरू व तेजू या नद्यांच्या दरम्यान, म्हणजे आजच्या मध्य पोर्तुगालमध्ये व त्याला लागून असलेल्या स्पेनच्या एस्त्रेमादुरा प्रदेशात राहत. इ. स. पू. दुसऱ्या शतकात त्यांनी रोमशी दीर्घकाळ झुंज दिली, व्हिरिएथस (मृत्यू इ. स. पू. १३९) हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध सेनानी. पुढे सम्राट ऑगस्टसच्या काळात ल्युसिटेनिया हा रोमन प्रांत झाला आणि एमेरिता ऑगस्टा (मेरिदा) ही त्याची राजधानी झाली. प्रांताची हद्द दक्षिणेला समुद्रापर्यंत होती. त्यामुळे प्रांतातील सर्वच देवता मूळ ल्युसिटेनियन लोकांच्या नव्हत्या. उलट काही ल्युसिटेनियन देवता उत्तरेकडील गॅलेशियन व पूर्वेकडील व्हेत्तोन लोकांतही पूजल्या जात.

साधने : या लोकांच्या पुराणकथा किंवा स्तोत्रे शिल्लक नाहीत. स्ट्रेबो, लिव्ही, ॲपियन इ. ग्रीक-रोमन लेखकांची वर्णने आणि दगडी वेदी व कातळांवरील लेख ही माहितीची दोन मुख्य साधने होत. बहुतेक लेख इ. स. पहिल्या ते तिसऱ्या शतकांतील असून लॅटिन भाषेत आहेत. त्यांत देवतेचे नाव, नवस करणाऱ्याचे नाव आणि नवस फेडल्याचा ठराविक मजकूर एवढेच असते. रोमन लिपीत पण ल्युसिटेनियन या इंडो-यूरोपीय भाषेत कोरलेले लेख मोजकेच आहेत. आरोयो दे ला लुस, लामश द मुलेदु, कबेसु दश फ्रागश व आरोंशिश येथील लेख त्यांत प्रमुख आहेत. रोमन लिपी व नवसाच्या वेदीची रोमन पद्धत स्वीकारल्यावरच या देवतांची नावे लेखी आली. त्यामुळे हाती येणारे धर्माचे चित्र बहुतांशी रोमन अमलाखालचे आहे.

देवता : अनेक देवतांच्या मूळ नावाला गावाचे, गढीचे किंवा कुळाचे विशेषण जोडलेले आढळते. बांदुआ हे याचे ठळक उदाहरण. ठिकाणागणिक तिचे विशेषण बदलते, म्हणून ती त्या त्या समूहाची रक्षक देवता मानली जाते. रेवे या देवाचा संबंध पर्वतांशी व नद्यांशी लावला जातो आणि त्याची तुलना ज्युपिटरशी करण्यात येते. नाबिया ही जलाशी निगडित देवी असून आस्तुरियातील नाविया नदीचे नाव तिच्या नावाशी जुळते. आरेंतियस व आरेंतिया ही देव-देवीची जोडी प्रामुख्याने पोर्तुगालच्या कश्तेलु ब्रांकु परिसरात व लगतच्या स्पॅनिश मुलखात पूजली जात असे. त्रेबारूना ही बहुधा घराची व वस्तीची रक्षक देवी होती. रोमन सैन्यातील तोंगियस या स्थानिक सैनिकाने त्रेबारूनाला एक आणि रोमन विजयदेवता व्हिक्टोरियाला दुसरी वेदी अर्पण केली होती.

आतेगिना हिचे मुख्य स्थान तुरोब्रिगा हे होते. लेखांत तिला पाताळाची रोमन देवी प्रॉसर्पिना हिच्याशी एकरूप मानले आहे. मेरिदा येथील एका लेखात भक्ताने आपले सहा अंगरखे व इतर कपडे चोरणाऱ्याला शासन करण्याची विनंती तिला केली आहे. तिला काशाच्या बकऱ्याही वाहत.

लेखांच्या संख्येने सर्वांत ठळक देव एन्दोव्हेलिकस होय. त्याचे देवस्थान दक्षिणेकडे, आलांद्रुआलजवळील साओ मिगेल दा मोता या टेकडीवर होते. तेथून ऐंशीहून अधिक लेख व संगमरवरी मूर्ती मिळाल्या आहेत. गुलामांपासून रोमन अश्वारोही वर्गातील प्रतिष्ठितांपर्यंत सर्व थरांतील लोक तेथे नवस फेडत. देवाच्या आज्ञेवरून वेदी उभारल्याचे उल्लेख असल्याने भक्त देवस्थानात निजून स्वप्नात कौल मिळवत असावेत, असा तर्क केला जातो. रोगनिवारक देव म्हणूनही त्याची ख्याती असावी. शिल्पांत आढळणारा रानडुक्कर त्याचा पवित्र प्राणी मानतात.

यज्ञ व शकुन : कबेसु दश फ्रागश या डोंगरमाथ्यावरील कातळलेखात बळींची यादीच कोरलेली आहे : त्रेबोपालाला मेंढी, लाएबोला डुक्कर, त्रेबारूनाला एक वर्षाची मेंढी व रेवेला बैल. इक्कोना लोइमिन्ना हिच्या बळीचा अर्थ मात्र वादग्रस्त आहे. डुक्कर, मेंढा व बैल यांचा एकत्र बळी देण्याच्या सुओव्हेतौरिलिया या रोमन विधीशी या यादीची तुलना केली जाते. प्रत्येक देवतेला वेगळा पशू नेमून देण्याची प्रथा वैदिक सौत्रामणी यागातही आहे. तेथे अश्विनांना बोकड, सरस्वतीला मेंढा व इंद्राला बैल देतात.

स्ट्रेबोच्या मते डोंगरी लोक युद्धदेवाला बोकड, घोडे व युद्धकैदी बळी देत. ल्युसिटेनियन पुरोहित बळीची आतडी न कापता पाहून व कुशीवरील शिरा चाचपून शकुन सांगत. कैद्याला मारताना तो कसा कोसळतो यावरूनही भविष्य वर्तवत. कैद्यांचे उजवे हात तोडून देवांना वाहत, असेही तो नमूद करतो. इ. स. पू. १५० मध्ये ल्युसिटेनियनांची कत्तल करणाऱ्या रोमन सेनापती गाल्बाने, त्यांनी हल्ल्यापूर्वी माणूस व घोडा बळी दिला होता, अशी सबब पुढे केली. अशी वर्णने विजेत्यांच्या बाजूची असल्याने ती सावधपणे वाचावी लागतात.

अंत्यविधी व श्रद्धा : ॲपियनच्या वर्णनानुसार व्हिरिएथसचे शव उंच चितेवर जाळण्यात आले, अनेक बळी देण्यात आले, सशस्त्र पायदळ व घोडदळाने चितेभोवती फिरत त्याची स्तुती गायिली आणि शेवटी समाधीपाशी द्वंद्वयुद्धे झाली. रोमन सेनापती सर्टोरिअस याने ल्युसिटेनियनांचे नेतृत्व करताना आपली पांढरी हरिणी ही डायना देवीची देणगी असून ती आपल्याला गुप्त गोष्टी सांगते, असे भासवले. लोकांचा त्यावर विश्वास बसल्याचे प्लूटार्क सांगतो.

ऱ्हास व संशोधन : रोमन राजवटीत स्थानिक देवता एकदम नाहीशा झाल्या नाहीत, त्या ज्युपिटर, व्हिक्टोरिया इ. देवतांच्या शेजारी नांदल्या. ख्रिस्ती धर्माच्या प्रसारानंतर त्यांची पूजा लोपली. आल्कुएस्कार येथील सांता लुसिया देल त्रांपाल या प्राचीन चर्चच्या बांधकामात आतेगिनाच्या वेदींचे दगड वापरलेले आढळले आहेत. या धर्माच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा पाया पोर्तुगीज विद्वान जुझे लाइत द व्हाश्कोन्सेलुश याने आपल्या रेलिजिओंयश दा लुझितानिया या तीन खंडांच्या ग्रंथाने (१८९७, १९०५ व १९१३) घातला. एन्दोव्हेलिकसच्या देवस्थानातील अनेक वेदी व मूर्ती लिस्बन येथील राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत.